मुलाच्या झोपेसाठी बिहेव्हियर थेरपिस्ट म्हणतात, ‘रडू द्या, जवळ जाऊ नका.’ हे नैतिक आहे का?

पद्धत चुकीची नाही, पण पहिल्याच भेटीत हा सल्ला मिळाला असेल तर मला खटकेल. आधी विचारायला हवं: मूल घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, रात्री पाय सतत हलवतं का? स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा लोहाची कमतरता असेल तर वागणुकीवर काम करून ती बरी होत नाही. तिथे आधी डॉक्टर. वर्तन विश्लेषकांना, म्हणजे वागणुकीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना, प्रमाणपत्र देणाऱ्या बीएसीबी या संस्थेची १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आचारसंहिताही वैद्यकीय कारणांकडे लक्ष द्यायला सांगते.

दुसरं म्हणजे संमती. कमी होण्याआधी रडणं काही रात्री वाढू शकतं, हे तुम्हाला सांगितलंय का? नाहीतर तिसऱ्या रात्री चाळीस मिनिटांनी आईला राहवत नाही, आणि मूल शिकतं की चाळीस मिनिटं रडलं की दार उघडतं. झेपणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. ठरावीक वेळाने डोकावणं, किंवा झोपायची वेळ आधी उशिरा नेऊन मग हळूहळू अलीकडे आणणं, असेही मार्ग आहेत. ते न सांगता एकच उपाय गळ्यात मारणं मला पटत नाही.

आणि हो, झोपेसाठी दिलं जाणारं मेलाटोनिन हे संप्रेरक किती द्यायचं हे ठरवणं थेरपिस्टचं काम नव्हे.