नवा खलनायक आला की सगळ्यात तगडा हिरोच आधी का आडवा होतो?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही असं आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं, तोच हिरो पुढच्या चित्रपटाच्या पहिल्या दहा मिनिटांत मार खाऊन पडतो. का, तर नवा खलनायक किती भारी आहे ते कळावं म्हणून. हा लेखकांचा आळस नाही का?

निम्मं उत्तर ‘आहे’ असंच आहे. उरलेलं निम्मं जरा लांबलचक आहे. मी मालिका आणि वेबसिरीजचं लिखाण करून पोट भरतो, त्यामुळे ही युक्ती मला पडद्याच्या मागूनही माहीत आहे.

लेखकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: ‘व्हिलन एस्टॅब्लिश होत नाहीये.’ मालिकेत त्यावर इलाज सोपा असतो. सासूला चार एपिसोड कारस्थानं करू द्यायची. चित्रपटात तेवढा वेळ नसतो आणि सुपरहिरोंच्या चित्रपटात तर वेगळीच पंचाईत असते. तिथे ताकद मोजायला मापच नाही. दर वेळी अख्खं शहर भुईसपाट होतं, त्यामुळे इमारत कोसळली तर प्रेक्षक पॉपकॉर्नच्या डब्यातला हातही बाहेर काढत नाही. मग माप म्हणून उरतो आपल्या ओळखीचा हिरो. तो पडला की मात्र हात थांबतो.

ही युक्ती इतकी जुनी आहे की इंग्रजी प्रेक्षकांनी तिला ‘वॉर्फ इफेक्ट’ असं नावच देऊन टाकलंय. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४) या मालिकेत वॉर्फ नावाचा क्लिंगॉन या परग्रही जमातीतला लढवय्या होता, अंतराळजहाजाच्या सुरक्षेचा प्रमुख. नवा परग्रही राक्षस आला की पहिला उचलून आपटला जाणार तो वॉर्फ. सुरुवातीला लोक दचकायचे, पुढे पुढे हसायला लागले.

लोक हसायला का लागतात, हे आपल्याला अमेरिकेत जाऊन शिकायची गरज नाही. तालमीत एखाद्या नव्या पैलवानाचं नाव निघालं की जुनी माणसं विचारतात, ‘पाडलं कुणाला?’ आणि लगेच पुढे, ‘पाडलं कसं?’ हा दुसरा प्रश्न लेखक विसरतात. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवलं. टांगेच्या डावाला दिलेल्या गुणांवरून पुढे कितीतरी दिवस कट्ट्याकट्ट्यावर आणि मोबाइलवर वाद चालला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला चीत करून गदा मिळवली. आधीच्या हारीवर लोक एवढे भांडले होते म्हणून त्या जिंकण्याला वजन आलं. लोकांना हार चालते, नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, चालत नाही. पडद्यावरची असली तरी त्यांना ती बरोबर ओळखू येते.

आता थॅनॉस आणि हल्क, म्हणजे मार्व्हलच्या चित्रपटांतला महाखलनायक आणि चिडला की हिरवा राक्षस होणारा हिरो. तुम्ही नाव घेतलं नसलंत तरी तुमच्या डोक्यात तीच मारामारी असणार. २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’.

त्यात लेखकांची अडचण खरी होती. थॅनॉसची पहिली झलक २०१२ मध्ये दाखवली होती. त्यानंतर सहा वर्षं या गृहस्थाने केलं काय, तर खुर्चीवर बसून हुकूम सोडले आणि एकदा हातमोजा घालून ‘आता मीच बघतो’ म्हणाला. एवढ्या भांडवलावर त्याला सुपरहिरोंच्या टोळीला, म्हणजे अख्ख्या अ‍ॅव्हेंजर्सना भारी दाखवायचं होतं. म्हणून हल्क. आणि तोही कसा आणला बघा. विजेचा देव थॉर, त्याचा कपटी भाऊ लोकी थॅनॉसला म्हणतो, आमच्याकडे हल्क आहे. २०१२ मध्ये हेच वाक्य टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, तेव्हा खलनायक असलेल्या लोकीला ऐकवलं होतं आणि मग हल्कने लोकीला फरशीवर धोपटून काढलं होतं. म्हणजे जुनी हमी मुद्दाम आठवून द्यायची आणि दुसऱ्या मिनिटाला मोडायची. इथवरचं लेखन चोख आहे, मी तरी टोपी काढतो.

मारामारीही नीट बघण्यासारखी आहे. हल्क धावून येतो, ठोसे हाणतो, थॅनॉसला भिंतीवर रेटतो. थॅनॉसचा एक सरदार पुढे सरसावतो, तर दुसरा त्याला अडवतो आणि म्हणतो, त्यांना मजा करू दे. या एका वाक्यात धन्याची ओळख होऊन जाते. मग थॅनॉस हात सोडवून घेतो आणि मोजून मारतो: बरगड्या, जबडा, पुन्हा बरगड्या. हल्कचं सगळं बळ अंगावर धावून जाण्यात, याचं कसबात. शेवटी त्याला डोक्यावर उचलून आपटतो. म्हणजे ‘पाडलं कसं’ याचंही उत्तर तिथे दिलेलं आहे.

मग घोडं कुठे अडलं? मी तो चित्रपट कोथरूडला सिटीप्राइडमध्ये भाच्याबरोबर पाहिला. पठ्ठ्या हल्कचा हिरवा टी-शर्ट घालून आला होता. हल्क आपटला गेला तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘मामा, आता तो अजून चिडेल ना?’ पोरगं बरोबर बोललं होतं. हल्कचा सगळा नियमच तो आहे, जितका राग जास्त तितकी ताकद जास्त. त्या नियमाप्रमाणे ही हार म्हणजे पहिला डाव व्हायला हवा होता. प्रत्यक्षात थॉरचा साथीदार हाइमडॉल त्याला पृथ्वीवर पाठवून देतो आणि पुढचा सगळा चित्रपट हल्क बाहेर यायलाच नकार देतो. हल्कचं माणसाचं रूप म्हणजे ब्रूस बॅनर, तो लोखंडी चिलखत घालून लढतो. वर्षभराने ‘एंडगेम’ आला, तर मधल्या पाच वर्षांत बॅनर आणि हल्क एक झालेले, अंगात स्वेटर, डोळ्यांवर चष्मा. समेट झाला तो आपल्याला न दाखवता. थॅनॉसने चुटकी वाजवून नाहीसे केलेल्या सगळ्यांना परत आणणारी चुटकी तोच वाजवतो आणि हात जाळून घेतो हे खरं, पण थॅनॉसशी दुसरी कुस्ती झालीच नाही. हल्क हरला हे ठीकच होतं. हरल्यानंतर त्याचं काय झालं, ते मात्र लेखकांनी आपल्याला चष्म्यावर भागवायला लावलं.

खरं तर या बाबतीत आपल्याकडे जुना आणि पक्का नमुना आहे, इंद्राचा. पुराणातला कुठलाही असुर घ्या. वर मिळाला की पहिलं काम इंद्राला स्वर्गातून हाकलणं. महिषासुराने हाकललं, तारकासुराने हाकललं, बळीने हाकललं. मेघनादाने तर बांधून लंकेला नेलं, शेवटी ब्रह्मदेवाला मध्यस्थी करून सोडवावं लागलं. इतक्या वेळा हरल्यावर इंद्राची हार ही बातमीच राहत नाही. कीर्तनात बुवा ती एका वाक्यात उरकतात आणि श्रोते मान डोलावतात: बरं, मग विष्णूकडे कधी गेले? इंद्राचं सिंहासन गेलं म्हणून कुणाचा घास अडकल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्याच परंपरेत जटायूही आहे. म्हातारा पक्षी, समोर रावण. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक. तरी तो रावणाचं धनुष्य मोडतो, रथ मोडतो, मग पंख छाटले जाऊन पडतो. पडला तरी जीव धरून राहतो आणि सीतेला कुणी नेलं, कुठल्या दिशेला नेलं ते रामाला सांगतो. आणि राम त्याला अग्नी देतो. रावण किती भयंकर आहे हे आपल्याला त्या लढाईतच कळतं, पण जटायू काही नुसतं माप म्हणून वापरून फेकलेला नाही. जाताना त्याने रावणाचं नुकसान केलं, गोष्टीला पुढची दिशा दिली आणि त्याच्यासाठी कथा थांबली.

मी एखादी हार बघतो तेव्हा मनातल्या मनात एवढंच विचारतो: ही इंद्राची की जटायूची?

‘थॉर: रॅग्नारॉक’मध्ये (२०१७) थॉरची बहीण हेला त्याचा हातोडा एका हाताने झेलून चुरा करते, ते झकास आहे. कारण त्यानंतर थॉरला हातोड्याशिवाय आपण कोण, हे शोधावं लागतं. त्याच चित्रपटात ती थॉरच्या जुन्या साथीदारांना उभ्या उभ्या संपवते. व्होलस्टॅग आणि फँड्रल तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत गेले. दोन चित्रपट ज्यांच्याबरोबर जेवलो-खाल्लो त्यांच्यासाठी कॅमेरा दोन श्वासही थांबत नाही. ही इंद्राची हार.

‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागात (२०२२) खलनायिका झालेली जादूगारीण वांडा एकामागून एक पाच दिग्गज सुपरहिरो मारते. पण ते दुसऱ्याच विश्वातले, मघाशीच ओळख झालेले. लेखकाने त्यांची कीर्ती उसनी आणली आणि दहा मिनिटांत उडवली. त्यांतला ब्लॅक बोल्ट, ज्याचा आवाज हेच शस्त्र, त्याचं तोंडच नाहीसं होतं आणि त्याचीच किंकाळी त्याच्या कवटीत फुटते, ही कल्पना मात्र भन्नाट आहे, नाही म्हणत नाही.

जटायूच्या बाजूला मी पहिला ठेवतो तो २०१२ च्या ‘द डार्क नाइट राइजेस’मधला बॅटमॅन. तो हरतो त्याला कारणं आहेत. आठ वर्षं घरात बसलेला, गुडघा गेलेला, घरच्या आल्फ्रेडने जाऊ नको म्हणून सांगितलेलं, सेलिना या चोरटीने सापळ्यात आणून सोडलेला. खलनायक बेन त्याला भुयारात मारतो तेव्हा पार्श्वसंगीत बंद आहे. नुसते पाण्याचे, श्वासाचे आणि ठोशांचे आवाज. बॅटमॅन आपली सगळी जादू काढतो, धुराचे गोळे, अंधार, आणि बेन प्रत्येक वेळी तिथे आधीच उभा. मग पाठ मोडते आणि उरलेला चित्रपट त्या मोडलेल्या पाठीवर उभा राहतो. मूळ कॉमिकमध्ये, १९९३ च्या, बेन आणखी धूर्त आहे. तो आधी वेड्यांच्या तुरुंगातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो. बॅटमॅन त्यांना पकडून पकडून दमला की मग याची एंट्री. आपल्या तालमीतला वस्तादसुद्धा म्हणेल, गडी डोक्याने खेळला.

‘ब्लॅक पँथर’मधली (२०१८) धबधब्यावरची लढतही याच रांगेतली. राजा टीचालाची ताकद विधीप्रमाणे आधी काढून घेतलेली, कुस्ती निकाली, सगळ्यांच्या देखत. गादीवर हक्क सांगणारा किलमाँगर जिंकतो ते नियमाने. म्हणून तो विजय जास्त टोचतो.

२०२५ च्या ‘सुपरमॅन’वर पुष्कळ लोक वैतागले, कारण तिथे हार दाखवलेलीही नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा हा बर्फात पडलेला, रक्तबंबाळ, आणि पडद्यावर मजकूर येतो की तीन मिनिटांपूर्वी तो आयुष्यात पहिल्यांदा लढाई हरला. मला ही सुरुवात आवडली. कारण ‘पाडलं कसं’ या प्रश्नाचं उत्तर तो लगेच न देता अंगावर ठेवतो. पुढे कळतं की खलनायक लेक्स ल्यूथरने त्याच्या जुन्या लढायांचा अभ्यास केलाय आणि तो खोलीत बसून पडद्यासमोर आकडे-अक्षरं ओरडतोय, तिकडे त्याचा गडी तसा तसा ठोसा मारतोय. म्हणजे मारणारा हात दुसऱ्याचा, डाव ल्यूथरचा. टकल्या माणसाची बुद्धी किती घातक आहे हे यापेक्षा चांगलं कसं दाखवणार?

लेखकांच्या बाजूने एक सांगतो, कारण तुम्ही सरसकट आळस म्हणालात. खलनायकाला भारी दाखवण्याचे दुसरे मार्ग आहेत, पण ते महाग पडतात. ‘सिव्हिल वॉर’मधला खलनायक झीमो कुणालाही हाताने हरवू शकत नाही, तरी अ‍ॅव्हेंजर्स फोडतो. पण त्याची पटकथा जुळवताना नाकी नऊ येतात आणि मुळात आधीच्या चित्रपटांत नात्यांची मशागत झालेली असावी लागते. निर्मात्याला ट्रेलरमध्ये टाकायला काय हवं? हल्क हवेतून खाली येताना. बैठकीत शेवटी तेच पास होतं.

आता तुम्हीही एक गंमत करून बघा. हे लिहितोय तेव्हा ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ यायचा आहे, खलनायक डॉक्टर डूम. त्याला वजन द्यायला पहिला बळी कुणाचा? माझा अंदाज थॉर. हल्कची पत ‘इन्फिनिटी वॉर’मध्येच संपली, कॅप्टन मार्व्हलवर प्रेक्षकांचा तितका जीव नाही, आणि थॉरकडे पहिल्या फळीतला शेवटचा मोठा गडी म्हणून अजून बरीच शिल्लक आहे. पाडायचं तर पाडा, पण आधी त्याला दोन डाव तरी टाकू द्या आणि डूमच्या मुखवट्यावर एक चरा उमटू द्या. पैज लावायची असेल तर बेडेकरांच्या मिसळीची लावू. मी हरलो तर मिसळ माझ्याकडून, जादा स्लाइसचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे.