आर्क्टिकमधली हवा नेहमीपेक्षा २० अंशांनी गरम असताना समुद्र गोठतोच कसा?

तुम्ही विचारताय ते नोव्हेंबर २०१६ चं. ध्रुवाजवळ तेव्हा हवा खरंच २० अंशांनी गरम होती. पण एरवी तिथे उणे २५ असतं, म्हणजे झाले उणे ५. समुद्राचं पाणी उणे १.८ लाच गोठतं. मग अडतंय कुठे?

हाच वाद मी जहाजावर घातलाय. मी मर्चंट नेव्हीत, इंजिन साइडला. नोव्हेंबरात लाकूड भरायला रशियात अर्खांगेल्स्कला निघालो होतो. जहाज रिकामं, पाण्यावर उचललेलं. तिथल्या व्हाइट सी या समुद्रात शिरल्यावर, इंजिन थंड ठेवायला आत घेतो त्या समुद्राच्या पाण्याचं तापमान शून्याखाली गेलं, तसा मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, फोन केला: बॅलास्ट (वजनासाठी टाक्यांत भरतात ते पाणी) वाढवा, जहाज खाली बसू द्या, नाहीतर आम्ही पाण्याबरोबर वर तरंगणारा बर्फ आत ओढणार. चीफ ऑफिसर म्हणाले, "बाहेर फक्त उणे तीन आहे. गेल्या वर्षी उणे बारा होतं. एवढ्या गरम हवेत बर्फ कुठला?"

पहाटे कूलिंग वॉटरचं प्रेशर पडायला लागलं. स्ट्रेनर, म्हणजे त्या पाण्याची गाळणी, उघडला तर आत गोळ्यासाठी किसलेल्या बर्फासारखा लगदा, गच्च भरलेला. इंजिनातून आलेलं गरम पाणी परत सी चेस्टमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी जिथून आत येतं त्या कप्प्यात, फिरवलं, तेव्हा कुठे सावरलं. उजाडल्यावर वर जाऊन पाहिलं, तर समुद्र तेल ओतल्यासारखा मंद, लाटा फुटतच नव्हत्या. बर्फाची सुरुवात अशीच होते.

हवेचा आकडा बघून बर्फाचा अंदाज बांधणं साफ चूक आहे. समुद्राचं थंड झालेलं पाणी खाली बुडतं, खालचं वर येतं, त्यामुळे वरचा अख्खा थर थंड व्हावा लागतो. त्याला वेळ लागतो. पण तो झाला की उणे तीनची हवाही पुरते. त्यात ध्रुवावर सप्टेंबरअखेरपासून सूर्य नाही, समुद्राची उष्णता बाहेर जातच राहते. ती ‘गरम’ हवासुद्धा काही अंशी याच उष्णतेने तापलेली असते. शिवाय नवा पातळ बर्फ जाड बर्फापेक्षा भराभर वाढतो.

व्हाइट सीमध्ये नदीचं गोडं पाणी मिसळतं, त्यामुळे तिथलं गणित थोडं वेगळं, हे मान्य. आणि गरम हवेने फरक पडतोच. २०१६ च्या त्या नोव्हेंबरमध्ये आर्क्टिकमध्ये काही दिवस बर्फ वाढायच्या ऐवजी चक्क घटला होता. २०२० मध्ये सायबेरियाच्या उत्तरेचा लाप्तेव समुद्र ऑक्टोबर संपत आला तरी उघडाच होता. जमतो तो बर्फही पातळ, पुढच्या उन्हाळ्यात लवकर जाणारा. तेव्हा ‘जमतोय ना परत’ म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये.

डेक साइडला, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांत, जाणार असाल, तर थंडीत इंजिनरूमला फोन करून पाण्याचं तापमान विचारत जा. आमच्या लॉगमध्ये त्या रात्रीपुढे ‘इंजिन बिघाड’ लिहिलं गेलं. इंजिन ठणठणीत होतं, बॅलास्ट कमी होतं.