तीस बाय पंचेचाळीस फुटांचे मैदान

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. सांगलीत विश्रामबागेत आमचे जुने घर आहे आणि घरामागे साधारण ३० फूट रुंद व ४५ फूट लांब परस आहे. त्यात एक आंबा, एक शेवगा, पाण्याचा हौद, कपडे वाळत घालण्याची तार आणि तुळशी वृंदावन एवढे सगळे आधीच आहे. थोरला मुलगा शिक्षणासाठी परदेशी गेला, तिथे डिस्क गोल्फ शिकला, आणि गेल्या सुट्टीत धाकट्या भावंडांना त्याचा नाद लावून परत गेला. आता त्यांना घरीच नऊ होलचे मैदान हवे आहे. मी टेप लावून जागा मोजली. नऊ सोडाच, तीन होलसुद्धा बसतील असे वाटत नाही. एवढ्याशा जागेत हा खेळ खरोखर खेळता येतो का, की मुलांना सरळ नाही म्हणून सांगावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही म्हणू नका, नऊ होलचा हट्ट मात्र मुलांना सोडायला लावा.

ज्या वाचकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, यात चेंडू आणि काठीऐवजी फ्रिस्बीपेक्षा लहान पण तिच्याहून घट्ट आणि धारदार काठाची डिस्क असते, खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली उभी टोपली असते, आणि ठरलेल्या जागेवरून कमीत कमी फेकींत डिस्क टोपलीत पोचवायची असते. फेकण्याची एक जागा आणि तिची टोपली मिळून एक होल होते. पहिली फेक लांबची, मधली टोपलीजवळ नेणारी, आणि शेवटची हलक्या हाताची. या शेवटच्या फेकीला पट म्हणतात. अधिकृत नियमांत टोपलीभोवती १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ धरतात. त्या वर्तुळाच्या आत उभे राहून फेकताना तोल सांभाळावा लागतो, म्हणजे डिस्क सुटल्यानंतर आपल्या खुणेच्या पुढे झोक जाऊन पाऊल पडता कामा नये.

आता तुमच्या परसाचे माप पाहा. १० मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट, आणि ३० बाय ४५ फुटांच्या जागेचा कर्ण भरतो ५४ फूट. म्हणजे एका कोपऱ्यात टोपली उभी केली, तर लांबीच्या पलीकडच्या टोकाचा भाग वगळता बाकीचे बहुतेक परस त्या वर्तुळातच येते. लांब फेकीची हौस इथे फिटणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. पण मोठ्या मैदानावर नवख्या खेळाडूच्या फेकी सर्वांत जास्त वाया जातात त्या याच शेवटच्या १० मीटरमध्ये, आणि तो टप्पा सरावासाठी कुणाला घरात मिळत नाही. तुम्हाला तो आयता मिळाला आहे.

माझी सूचना अशी की, टोपल्या दोनच असाव्यात आणि फेकण्याच्या जागा तीन. प्रत्येक जागेवरून दोन्ही टोपल्यांकडे खेळायचे म्हटले की सहा होल होतात, आणि एकाही रोपाला हात लावावा लागत नाही. फेकण्याच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा बसवता येईल, मात्र खडबडीत बाजू वर ठेवावी; जून-जुलैत काळ्या मातीचा चिखल पायाला लागून गुळगुळीत फरशीवर घसरायला एक पाऊल पुरते. पहिली टोपली मागच्या कुंपणाच्या भिंतीपासून चार-पाच फूट अलीकडे ठेवा आणि तिच्यामागे भिंतीवर जुने गोणपाट टांगा, म्हणजे हुकलेली डिस्क भिंतीवर आपटून तिचे काठ खरवडणार नाहीत. दुसरी टोपली आंब्याच्या बुंध्याआड, अर्धी झाकली जाईल अशी ठेवा. शेवगा मात्र खेळाच्या वाटेत घेऊ नका, कारण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि डिस्कच्या दणक्याने फांदी गेली तर घरातली मंडळी खेळच बंद करतील. तुळशी वृंदावनाभोवती चुन्याची रेघ ओढून तेवढा भाग खेळाबाहेर ठेवावा. तिथे डिस्क गेली की एक फेक दंड. माझ्या अनुभवात मुले हा नियम बाकीच्या नियमांपेक्षा जास्त निष्ठेने पाळतात.

सहा होल आठवड्याभरात तोंडपाठ होतील. तेव्हा जागा न वाढवता वाट वाढवा. मोठ्या मैदानांवर काही झाडांना ठरावीक बाजूनेच वळसा घालावा लागतो. चुकीच्या बाजूने गेलेल्या डिस्कला दंड असतो. आंब्याला हाच नियम लावा, एका फेरीत डावीकडून आणि दुसऱ्या फेरीत उजवीकडून, आणि तेच होल अगदी वेगळे वाटू लागेल. उजव्या हाताने, हात अंगाच्या आडवा नेऊन फेकलेली डिस्क वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग ओसरताना डावीकडे वळते. त्याच हाताने, तळवा पुढे ठेवून बाजूने फेकली तर फिरकी उलटी होते आणि डिस्क शेवटी उजवीकडे जाते. डावखुऱ्या मुलाला हे सगळे उलट करून वाचावे लागेल. लांबच्या मैदानावर बहुतेक होलना तीन फेकींचा पार, म्हणजे अपेक्षित फेकींचा आकडा, असतो. परसात तो दोनच धरा, नाहीतर रोज सगळेच जिंकतात आणि पंधरवड्यात कंटाळतात.

डिस्कची निवड हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण चूक बहुधा तिथेच होते. मुलाने आणलेल्या डिस्कपैकी एखादी लांब पल्ल्याची, पातळ आणि धारदार काठाची असेल, तर ती परसात काढू नका. तिला सरळ जाण्यासाठी फार मोठा वेग लागतो. तो मिळाला नाही की ती लगेच डावीकडे झुकून खाली येते, आणि मिळाला की खिडकीची काच जाते. परसासाठी पटर, म्हणजे जाड, बोथट काठाची आणि सावकाश उडणारी डिस्क घ्या. तरीही खेळाच्या डिस्कचे वजन बहुधा १५० ते १७५ ग्रॅम असते, आणि एवढे वजन फिरत येऊन तोंडावर बसले तर ओठ फाटतो. त्यामुळे सर्वांच्या फेकी होईपर्यंत कुणीही फेकणाऱ्याच्या पुढे जायचे नाही आणि सगळ्यांनी मिळूनच डिस्क उचलायला जायचे, या एका नियमाला आमच्याकडे सवलत नाही. वाळत घातलेले कपडे मात्र ज्याचे त्याने आधी काढून ठेवावेत. धुतलेल्या धोतरावर उमटलेली चिखलाची गोल खूण कुणाची, हे शोधणे अवघड नसते.

प्रश्न : टोपलीला साखळ्या कशासाठी लावतात? नुसती बादली किंवा पिंप ठेवून चालणार नाही का? आणि अशी टोपली घरी करता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पिंपाचा प्रयोग मी स्वतः केला आहे. माझी पहिली टोपली म्हणजे पत्र्याचे अर्धे पिंप होते. त्यात पडलेली डिस्क उसळून बाहेर यायची, न पडलेली पत्र्यावर आदळून तोफेसारखा आवाज करायची, आणि तिसऱ्या दुपारी शेजारच्या काकांची वामकुक्षी मोडल्यामुळे ते पिंप गच्चीवर पाणी साठवायला गेले.

साखळ्यांची गोष्ट खेळाच्या इतिहासातच आहे. सुरुवातीला लोक झाडे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे अशा वस्तूंवर नेम धरून खेळत. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ येथे १९२६ साली शाळेतली मुले जमिनीवर आखलेल्या चार फुटी वर्तुळांत डब्यांची झाकणे फेकत आणि त्या खेळाला ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. आपल्या मुलांनी घरातली झाकणे पळवली तर त्यांना निदान हा दाखला देता येईल. मात्र स्टीलच्या झाकणाची कडा कापते, म्हणून ती हातात देऊ नका. पुढे अमेरिकेत एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये खास या खेळासाठी मैदान आखले. तिथे आधी नुसते खांब होते, आणि डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद होत असत. तो वाद मिटवण्यासाठी साखळ्या आणि खाली टोपली असे साधन त्यांनी तयार केले, आणि १९७७ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. साखळी डिस्कचा वेग आपल्या अंगावर घेते, तिला परत फेकत नाही, आणि डिस्क अलगद खाली टोपलीत पडते. शिवाय खळ्ळकन आवाज होतो, त्यामुळे कुणी खोटे बोलू शकत नाही. हेड्रिक यांचे २००२ साली निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा काही डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. आपण अस्थी कृष्णेत सोडतो. त्यांना उडत राहायचे होते.

घरी करायची असेल तर भंगारवाल्याकडून जुन्या २८ इंची सायकलच्या दोन रिम आणा. या रिमचा व्यास साधारण ६४ सेंटिमीटर, म्हणजे परीघ जवळजवळ २ मीटर असतो. जुन्या सायकलच्या मागच्या चाकाला आरांसाठी ४० भोके असतात. दर चौथ्या भोकात एक आकडा अडकवला तर १० साखळ्या बसतात आणि दोन साखळ्यांमध्ये सुमारे २० सेंटिमीटर अंतर राहते. डिस्कचा व्यास २१ सेंटिमीटर असतो, म्हणजे नेम बरोबर असेल तर ती एका तरी साखळीला लागतेच. साखळ्यांची खालची टोके खांबाभोवतीच्या एका कडीत ओवावीत, आणि त्या थोड्या सैल ठेवाव्यात, कारण ताणलेली साखळी डिस्कला परत ढकलते. आत आणखी पाच साखळ्यांची दुसरी रांग लावली तर मधोमध जोरात आलेली डिस्क आरपार जात नाही. बाहेरची प्रत्येक साखळी ६५ सेंटिमीटरची आणि आतली ५५ ची धरली तर सगळी मिळून नऊ-साडेनऊ मीटर साखळी लागते. दुसऱ्या रिमला खालून जाळी बांधून टोपली करावी, आणि तिचा काठ जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा. खांबासाठी द्राक्षबागेतून काढून टाकलेला लोखंडी पाइप मिळाला तर उत्तम. तासगावकडे कुणी नातेवाईक असतील तर विचारून पाहा. पायाला जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून त्यात तो उभा करावा, म्हणजे टोपली लोळवत दुसरीकडे नेता येते. ती जमिनीत कायमची गाडू नका. मी गाडली होती, आणि सहा महिने एकच होल खेळलो.

ज्यांना आवाज नको आहे त्यांनी साखळीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या टांगाव्यात. डिस्क पकडण्यात त्या साखळीला थोड्या कमी पडतात, पण रात्री नऊनंतरही खेळता येते.

प्रश्न : आमचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. परस उताराचे आहे आणि पावसाळ्यात वारा फार असतो. जवळून फेकलेली डिस्कसुद्धा कधी टोपलीवरून जाते, कधी टोपलीखाली. चूक हाताची की वाऱ्याची?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोघांची, पण आधी वाऱ्याची समजून घ्या. समोरून येणारा वारा डिस्कच्या खाली शिरून तिला उचलतो, म्हणून ती टोपलीवरून जाते. पाठीमागून येणारा वारा तिला दाबतो, म्हणून ती अलीकडेच पडते. तेव्हा समोर वारा असताना नेम टोपलीच्या काठाच्या जरा वर आणि डिस्कचा पुढचा काठ किंचित खाली ठेवा, आणि पाठीवर वारा असेल तर साखळ्यांच्या वरच्या भागावर नेम धरा.

पट फेकण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मनगटाने भरपूर फिरकी देऊन डिस्क सपाट रेषेत पाठवतात. ती वाऱ्यात ठाम राहते, पण हुकली तर लांब जाते. दुसरीत हात सरळ ठेवून, मागच्या पायावरचे वजन पुढे आणत डिस्क जणू ढकलतात. फिरकी थोडी असते आणि हुकलेली डिस्क टोपलीपाशीच पडते. सपाट, लहान परसात मी दुसरी पद्धत शिकवीन. तुमच्याकडे वारा आहे म्हणून पहिली शिकावी लागेल, आणि उतार आहे म्हणून तिची किंमतही मोजावी लागेल, कारण काठावर उभी पडलेली डिस्क उतारावरून गडगडत थेट फाटकापर्यंत जाते. टोपली उताराच्या वरच्या टोकाला न ठेवता खालच्या टोकाला, बांधाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवलीत तर निम्मी धावपळ वाचेल. मुलांना ३, ५ आणि ७ मीटरवर रांगोळीच्या रेघा आखून द्या, आणि तिन्ही रेघांवरून रोज दहा-दहा फेकी लिहून ठेवायला सांगा. पावसात डिस्क प्रत्येक फेकीआधी कोरड्या पंचाने पुसावी. ओली डिस्क हातातून आधीच सुटते आणि दोष नेमाला लागतो. उन्हाळ्यात मात्र ती तापलेल्या पत्र्यावर किंवा बंद गाडीत ठेवू नका. प्लॅस्टिक मऊ पडून वाकते, आणि वाकलेली डिस्क पुन्हा पूर्वीसारखी उडत नाही.

प्रश्न : परस नाही, गच्ची आहे. गच्चीवर खेळावे का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नको. कठड्यावरून गेलेली डिस्क रस्त्यावर कुणाच्या डोक्यात पडेल, हे तुम्हाला ठरवता येत नाही. चारही बाजूंनी पूर्ण उंचीची जाळी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : डिस्क शेजाऱ्यांच्या आवारात गेली तर नियम काय? आमच्याकडे यावरून भांडण होते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : खेळाच्या नियमाने ती हद्दीबाहेर गेली असे धरून एक फेक दंड द्यावा, आणि डिस्क जिथून कुंपण ओलांडून गेली त्या जागेच्या आतल्या बाजूने पुढची फेक घ्यावी. भिंतीवर चढून ती आणायला जायचे नाही. फाटकातून जाऊन, विचारून आणायची. आमच्या डाव्या हाताच्या काकूंनी यासाठी ओसरीवर एक जुनी वेताची पाटी ठेवली आहे. आठवड्याभरात आलेल्या डिस्क त्या तिच्यात टाकतात आणि रविवारी सकाळी भाजीला जाताना आमच्या फाटकाशी ठेवून जातात. गेल्या रविवारी पाटीत सहा होत्या, त्यांतल्या चार माझ्या.