घरबसल्या परदेशी काम, कर किती?

प्रश्न: वाईतून अमेरिकेतल्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर सल्लागार म्हणून काम करतो, नोकरी नाही. महिना दीड लाख येतात. कर किती?

उत्तर: वर्षाचे १८ लाख झाले. अंदाजित उत्पन्न योजनेत (खर्चाचा तपशील न देता जमेचा ठरावीक भाग उत्पन्न मानण्याची सोय) किमान निम्मं, म्हणजे ९ लाख, उत्पन्न धरता येतं. दुसरी कमाई नसेल, तर आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. तरी रिटर्न भराच, फॉर्म आयटीआर-४. लॅपटॉप-इंटरनेटचा खर्च पुन्हा वजा करू नका. तो त्या निम्म्यात आलाच.

बँकेत डॉलर जमा होताना पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड) पी०८०२, म्हणजे सॉफ्टवेअर सल्ल्याचा, लागलाय ना, ते स्वतः तपासा आणि पावती जपा. खरी काळजी जीएसटीची! नोंदणीची मर्यादा वर्षाच्या २० लाख उलाढालीची, म्हणजे तुम्ही फक्त २ लाख मागे आहात. ती ओलांडली की नोंदणी करा आणि एलयूटी (हमीपत्र) भरा; मग निर्यातीवर, म्हणजे परदेशी ग्राहकाच्या कामावर, जीएसटी न आकारता बिल देता येतं.