वाफ्यात लोळणाऱ्या कोंबड्या

प्रश्न : आमच्या कोंबड्या भाजीच्या वाफ्यात खड्डे करून लोळतात, अंगावर माती उडवतात. आजारी तर नाहीत ना?

उत्तर : छे हो, अंघोळ चाललीय त्यांची! कोरडी माती पिसांच्या मुळाशी गेली की उवा झडतात, जास्तीचं तेलही शोषलं जातं. हुसकून उपयोग नाही, मी कधीच हात टेकले. त्यांना हक्काची जागाच द्या : जुन्या टायरमध्ये वीतभर भुसभुशीत माती, थोडी चाळलेली लाकडाची राख. वर आडोसा हवाच. माती ओली झाली की बाईसाहेब ढुंकूनही बघत नाहीत आणि पुन्हा तुमचा वाफा! रोपं जोम धरेपर्यंत त्यावर जाळी टाका. खुराड्यातली ताजी विष्ठा मात्र मुळाशी घालू नका, रोपं करपतात; आधी कुजू द्या. एखादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, दाण्याकडेही फिरकली नाही, तर पशुवैद्याला दाखवा.