सीडी चालते, डीव्हीडी अडते

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह सीडी वाचतो, डीव्हीडी घातली की नुसता घरघरतो. ट्रेही तीनदा बटण दाबल्यावर उघडतो. नवा घ्यावा का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: एवढ्यात नको. दोघींचे लेसर वेगळे: सीडीचा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५० चा. म्हणून एक चालतं, दुसरं नाही. आधी लेसरवरचं भिंग पुसा, आपल्या पावसाळ्यात त्यावर दमट धूळ चिकटते. प्लग काढून ड्राइव्ह बाहेर घ्या. सरळ केलेली पेपर क्लिप पुढच्या बारीक छिद्रात दाबून ट्रे ओढा, खालचे स्क्रू काढा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब, तोही हलक्या हाताने: भिंग बारीक तारांवर तोललेलं असतं, दाबलं तर संपलं! ट्रेचा रबरी पट्टा बहुधा सैल झालाय, बदला. तरीही डीव्हीडी वाचली नाही, तर लेसर गेला. मग मात्र नवाच घ्या. घेताना जोडणीचा प्रकार जुळवा: मागची केबल रुंद, चपटी असेल तर आयडीई, अरुंद असेल तर साटा.