जुन्या रॅटलर होल्डरवर ओरखडे आहेत. त्याची अवस्था कशी ठरवायची आणि भाव किती पाडून मागायचा?

ओरखडे बघून भाव पाडायला निघाला असाल तर सुरुवातच उलट्या टोकाने होतेय. तुम्ही लिहिलंय की ओळखीतून मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, मिळतोय. तोही पीसीजीएसच्या अगदी पहिल्या पिढीच्या होल्डरमधला. पीसीजीएस म्हणजे नाणं तपासून त्याची ग्रेड, म्हणजे दर्जा, ठरवणारी अमेरिकी कंपनी, आणि होल्डर म्हणजे ती नाणं सीलबंद करते ती प्लास्टिकची डबी. समोरच्या बाजूला बारीक ओरखडे आहेत आणि एका कोपऱ्याचा टवका उडालाय. यात घाबरण्यासारखं अजून तरी काही नाही. ओरखडे अजिबात नसते तर मला जास्त शंका आली असती.

पीसीजीएसने १९८६ मध्ये काम सुरू केलं आणि रॅटलर म्हणतात ते होल्डर १९८९ पर्यंतचे. आत नाणं खुळखुळतं म्हणून ते नाव. नंतरच्या होल्डरांना चारी बाजूंनी उंच किनार आली. त्यामुळे स्लॅब, म्हणजे नाण्यासकट हे सीलबंद होल्डर, एकावर एक रचले तरी समोरचं प्लास्टिक दुसऱ्याला टेकत नाही. रॅटलरला ती किनारच नाही, सपाट वडी आहे ती. एकावर एक ठेवले की याची पाठ त्याच्या पोटावर घासणारच. इतकी वर्षं डीलरांच्या पेट्यांतून फिरलेला रॅटलर नव्यासारखा लखलखीत दिसला तर तो कोणीतरी घासलाय असं मी आधी धरून चालतो.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण माझ्याकडचा एक रॅटलर असाच 'चमकवला' गेला.

आत १८८१ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन होता. नाणं काही दुर्मीळ नाही, उंच ग्रेडमध्ये सर्वांत सहज मिळणाऱ्या मॉर्गनपैकी एक. मी घेतला तो होल्डरसाठी. ठिपक्याठिपक्यांच्या प्रिंटरवर छापलेलं लेबल, हलवलं की आत खुळखुळणारं नाणं, आणि एकही तडा नाही. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या भाऊंना हे कधी पटलंच नाही. भाऊ म्हणजे भोसलेकालीन रुपयांचा माणूस. मुघल बादशहा अहमदशहाच्या नावाने पाडलेल्या रुपयावर अर्धवट उमटलेल्या फारसी अक्षरांवरून टांकसाळ ओळखणारा. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, पण स्लॅबचा विषय निघाला की त्यांचं एकच, "नाणं पाह्य ना बे, डब्बी काय पाहून राहिला!"

थंडीचे दिवस होते. भाऊ घरी आले, गच्चीवर उन्हात बसलो, मध्ये आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली. भाऊ संत्रं सोलता सोलता बोलत होते आणि बोलता बोलता त्यांनी रॅटलर हातात घेतला. मी म्हटलं, भाऊ, हात पुसा. ते म्हणाले, "पुसलेच आहे ना," आणि हात पुसला तो धोतरालाच. संध्याकाळी मी होल्डर उजेडात धरला तर समोरच्या प्लास्टिकवर अंगठ्याएवढा धुरकट डाग. कापडाने जाईना, साबणाच्या पाण्याने जाईना.

जाणारच नव्हता. संत्र्याच्या सालीतल्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि हे होल्डर पॉलिस्टायरीनचे. लिमोनीन पॉलिस्टायरीन विरघळवतं. खोटं वाटत असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर साल पिळून बघा, थर्माकोल हेच पॉलिस्टायरीन फुगवून केलेलं असतं, खड्डे पडतात. तेव्हा तो डाग प्लास्टिकवर बसलेला नव्हता, प्लास्टिकच्या कातडीत शिरलेला होता.

भाऊंना फोन केला. त्यांना वाईट वाटलं, तेवढं खरं. पण उपाय लगेच तयार: "टूथपेस्टनं निघून जाते." मी नको म्हटलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा मी ऑफिसला होतो. घरच्यांना "दुरुस्त करून आणतो" सांगून होल्डर घेऊन गेले. त्यांचा पुतण्या गाड्यांना पॉलिश मारतो. त्याने बफिंगच्या चाकावर धरला.

परत आला तो होल्डर भाऊंनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चमकून राहिला का नाही?" चमकत होता, यात वादच नाही. पण चाकाच्या घर्षणाने प्लास्टिक तापून वरचा थर किंचित वाहिला होता. तिरका धरला की नाणं पाण्याखाली ठेवल्यासारखं हलायचं. त्याहून वाईट म्हणजे कडा गोल झाल्या होत्या. दोन अर्ध्या तुकड्यांची जोडरेष जिथे सरळ, एकसारखी दिसायला हवी तिथे काहीच वाचता येत नव्हतं.

आणि होल्डरमध्ये सगळं काही त्या जोडरेषेतच असतं. दोन्ही भाग अल्ट्रासॉनिक लहरींनी वितळवून जोडलेले असतात. कोणी सुरी घालून उघडला, नाणं बदललं आणि पुन्हा चिकटवला तर रेषेवर पांढुरका दंव पडल्यासारखा पट्टा दिसतो, बारीक टवके दिसतात, कधी गोंदाचा बुडबुडा. सराफाचं दहा पटीचं भिंग आणि मोबाईलचा टॉर्च पुरतो. उजेड समोरून नको, कडेने मारा. तुमचा उडालेला टवका जोडरेषेवर आहे की नुसत्या कोपऱ्यावर, हे मला फोटोवरून कळेना. नुसत्या कोपऱ्यावर असेल तर सोडून द्या. रेषेवर असेल आणि शेजारी पांढरेपणा असेल तर व्यवहारच सोडा, मग भाव पाडण्याचा प्रश्नच येत नाही.

नंतर तडे बघा. ओरखडा आणि तडा यांत लोक गल्लत करतात. नख फिरवा. ओरखड्याला नख अडतं. प्लास्टिकच्या आतल्या जाळीदार भेगांना अडत नाही, पण होल्डर फिरवला की त्या लखकन चमकून दिसेनाशा होतात. अशी जाळी तेलकट पदार्थ, थिनर, ॲसिटोन यांनी येते. डांबराच्या गोळ्यांची वाफही पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि आपल्याकडे जुनी नाणी हमखास लुगड्यांच्या कपाटात, त्या गोळ्यांच्या सोबतीला असतात. तडा नाण्याच्या खाचेपर्यंत गेला असेल तर होल्डर त्याचं काम करत नाही, असं समजा.

लेबल तिसरं. उन्हाने रंग उडालाय का, ओल शिरून कागद तरंगलाय का, छपाई त्या काळची वाटते का. क्रमांक पीसीजीएसच्या वेबसाइटवर टाकून बघा, पण क्रमांक जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. २००८ च्या सुमारास चीनमधून बनावट होल्डर आले त्यांच्यावरचे क्रमांक खऱ्या नाण्यांचेच होते.

ओरखडे सगळ्यांत शेवटी. तेही नाण्याच्या चेहऱ्यावरून जाणारे असतील तरच.

तर तो बफ केलेला होल्डर मी इथल्या एका प्रदर्शनात टेबलावर ठेवला होता. पुण्याचे एक संग्राहक आले, उचलला, कड बघितली आणि पहिला प्रश्न, "हा उघडलाय का?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, होल्डर खाली ठेवला आणि साध्या मॉर्गनचा भाव सांगितला. होल्डरचे शून्य. मी त्यांच्या जागी असतो तर मीही शून्यच दिले असते. भाऊ शेजारी उभे. "काहून? नाणं त तेच आहे ना!"

आता गंमत ऐका. त्याच प्रदर्शनात एक तरुण मुलगा भोसल्यांचा रुपया घेऊन आला होता, चिंचेने घासून पांढराफटक केलेला. भाऊंनी त्याला असा झाडला की दोन टेबलांपलीकडचे लोक वळून बघायला लागले. शंभर-दीडशे वर्षांची पुटं तू एका मिनिटात घालवली, आता याले कोण घेईल, वगैरे. मी मध्येच म्हटलं, भाऊ, नाणं तर तेच आहे ना? त्यावर ते माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, चांदीची गोष्ट वेगळी, प्लास्टिकची वेगळी. कशी वेगळी, हे मला अजून कळलेलं नाही. जी वस्तू ती होती तशी राहिली म्हणून लोक पैसे देतात तिची मूळ कातडी काढली की पैसे द्यायचं कारण गेलं. मग ती चांदी असो की पॉलिस्टायरीन. भाऊ, हे उत्तर तुम्ही वाचत असाल तर खाली लिहा, मी वाट बघतोय.

किती टक्के पाडायचा, हे तुम्ही विचारलंय. टक्क्यांचा हिशेब माझ्याकडे नाही, असल्याचा दावा करणाऱ्यावर माझा विश्वासही नाही. मी एवढंच करतो की आधी त्याच सालाच्या, त्याच ग्रेडच्या, साध्या नव्या होल्डरमधल्या मॉर्गनचा भाव काढतो. जोडरेष स्वच्छ आणि तडा नसेल तर त्याच्यावर रॅटलरचे म्हणून काही देतो. तसं नसेल तर वरचं काही देत नाही, आणि जोडरेषेवर संशय असेल तर नाणं स्लॅबमध्ये नाहीच असं समजून बोलतो.

हे सगळं जुन्या, होल्डर म्हणूनच गोळा करण्यासारख्या स्लॅबबद्दल. आजच्या होल्डरवर हलके ओरखडे असतील तर प्लास्टिकसाठी मिळणारं पॉलिश बोटाने, मऊ कापडावर घेऊन लावायला माझी हरकत नाही. चाक नको, टूथपेस्टही नको, तिच्यातल्या खरखरीने धुरकटपणा येतो. आणि 'फारच खराब निघाला तर अमेरिकेला पाठवून नवीन होल्डर घेईन' असं मनात असेल तर ते काढून टाका. एक तर नवीन होल्डर आला की रॅटलर संपला. दुसरं, मूळ मॉर्गन १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ मध्ये पाडले, म्हणजे सगळेच शंभरी ओलांडलेले. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याच्या व्याख्येत येतात आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी नाण्याचं काय, यावर वाद घालणारे भेटतील. कस्टमवाल्यापुढे तो वाद घालायची माझी तयारी नाही. त्यामुळे जो होल्डर दिसतोय तोच कायमचा, असं धरून भाव बोला. टवक्यासाठी समोरचा स्वतःहून काही कमी करत असेल तर घ्या. ओरखड्यांचे मात्र मागू नका.